स्नेपची वही

रविवार, रात्री साडेअकरा

दुपारी भाची माळ्यावरच्या खोक्यातून जुनी पुस्तकं उपसत होती. तिच्या हाती माझी एक वही लागली. दोनशे पानी, ब्राऊन कव्हर, लेबलवर विषय: भूगोल. आत भूगोलाचं एक पान, आणि मग थेट स्नेप, हॅरी पॉटरच्या जादूच्या शाळेतला खडूस मास्तर. मी ती जवळजवळ हिसकावूनच घेतली. भाची अजून हॅरी पॉटरच्या तिसऱ्या पुस्तकात आहे आणि वहीत पुढचं सगळं फोडलेलं आहे.

सहावं पुस्तक १६ जुलै २००५ ला आलं, सातवं २१ जुलै २००७ ला. मधली दोन वर्षं नि पाच दिवस मी आणि मामेभाऊ एकाच गोष्टीवरून भांडत होतो. मनोऱ्यावर हेडमास्तर डम्बलडोरला मारणारा स्नेप नक्की कोणाचा माणूस, डम्बलडोरचा की खलनायक व्होल्डेमॉर्टचा? दादाच्या मते पक्का गद्दार. मामाचं घर नाशिकला पंचवटीत, नदीतल्या दोन तोंडांच्या मारुतीकडे, त्यामुळे दादाने स्नेपला नाव ठेवलं ‘दुतोंड्या’. आजी खवळायची, देवाचं नाव असल्या माणसाला देतात का म्हणून. गोदावरीला पूर आला की दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी चढलं यावरून अख्खं नाशिक पूर मोजतं, तसं दादा मला फोन करून विचारायचा, “काय, आज तुझा स्नेप कमरेपर्यंत की गळ्यापर्यंत?” हरेल त्याने मिसळ खाऊ घालायची, अशी पैज होती.

वही मी आत्ता परत वाचली. अक्षर भयंकर आहे, पण वकिली चांगली केली होती. पुरावा पहिला: पहिल्याच तासाला स्नेप म्हणतो, मृत्यूलाही बूच लावायला शिकवीन. सहाव्या पुस्तकात डम्बलडोरचा हात काळा पडलेला, आणि त्यावर उपचार स्नेपचे. म्हणजे म्हातारा तसाही मरणारच होता, स्नेपने फक्त बूच लावून ठेवलं होतं. (हे जवळजवळ तसंच निघालं! सातव्या पुस्तकात ते पान आलं तेव्हा मी गच्चीवर जाऊन ओरडले होते.) पुरावा दुसरा: शाळेच्या रखवालदाराने, हॅग्रिडने, स्नेप-डम्बलडोरचं भांडण ऐकलेलं, स्नेप म्हणतो मला हे आता करायचं नाही. ‘हे’ म्हणजे काय? त्याखाली तीन लाल रेघा. पण माझा लाडका पुरावा तिसरा. गुहेत हॅरी डम्बलडोरला ते विषारी पेय बळेच पाजतो, तेव्हा त्याला स्वतःचा तिरस्कार वाटतो, शिसारी येते. थोड्याच पानांनी मनोऱ्यावर स्नेपच्या चेहऱ्यावर तोच तिरस्कार, तीच शिसारी. आणि दोन्ही वेळा म्हातारा विनवणी करतोय. हा धागा माझा नव्हे, कॉलेज रोडवरच्या सायबर कॅफेत तासाला वीस रुपये मोजून वाचलेला. वहीत मात्र मी तो स्वतःच्या नावावर खपवलाय.

पैज मी जिंकले. दादाने मिसळ दिली, वर जिलबीसुद्धा.

पण आज वही वाचताना एक रकाना सापडला नाही, तो म्हणजे नेव्हिलचा. एवढ्या पानांत हॅरीच्या वर्गातला नेव्हिल एकदाही नाही. ज्या पोराला जगात सगळ्यात जास्त भीती आपल्या सरांची वाटते, ते पोर. त्याच्या बेडकावर औषध करून बघायची धमकी देणारा हाच स्नेप. हॅरीच्या मैत्रिणीला, हर्मायनीला, दातांवरून बोलणाराही हाच. आणि व्होल्डेमॉर्टला हरवू शकणाऱ्या पोराची भविष्यवाणी त्याच्यापर्यंत पोचवून मग वाचवा म्हणाला तेही फक्त लिलीला, हॅरीच्या आईला. नवरा नि तान्हं पोर गेलं तरी चालणार होतं. हे तर मी सातव्या पुस्तकात वाचलं होतं, त्यावर रडलेसुद्धा होते. पण रडले स्नेपसाठी.

तेव्हा मी नववी-दहावीत. क्लासला गणिताचे एक सर होते. फळ्यापाशी उभं करून ‘दगड’ म्हणायचे, वही मागच्या बाकापर्यंत भिरकवायचे. घरी सांगितलं की एकच उत्तर: अगं, फणसासारखा माणूस आहे, वरून काटे, आत गरे. मी तीन वर्षं गरे शोधले. पेढे घेऊन गेले तेव्हा त्यांनी मार्क विचारले, “एवढेच?” म्हणाले आणि पेढा खाल्ला. स्नेपची वही मी त्याच क्लासच्या मागच्या बाकावर लिहायचे, हे आज शाईचा रंग बघून आठवलं. क्लाससाठीचं हिरवं पेन.

संध्याकाळी भाची पुस्तक पोटावर उपडं ठेवून पडली होती. म्हणाली, “मावशी, स्नेप शेवटी चांगला निघतो ना? तू हसतेस म्हणजे निघतो.” मी म्हटलं, तुला काय वाटतं ते सांग. तिने थोडा विचार केला. “ते नाही माहीत. पण शिकवतो वाईट.”

मी रात्री दादाला फोन करून हे सांगितलं. तो आता दोन पोरांचा बाप, पुण्यात. बराच वेळ हसला आणि म्हणाला, मग माझी मिसळ परत कर, जिलबीसकट.

अर्धीच देईन म्हटलं. काळ्या हाताचं माझंच बरोबर होतं.