‘आयकर भवनातून बोलतोय’: आवाज सोडा, डीआयएन विचारा

‘तुमच्या पॅनवर डिमांड निघालीय. संध्याकाळपर्यंत भरली नाहीत तर वॉरंट निघेल.’

असा फोन आला की बहुतेक जण समोरच्याच्या बोलण्यावरून तो खरा की खोटा हे ठरवायला बघतात. भाषा सरकारी वाटते का, मागे ऑफिसचा गलका ऐकू येतो का, आपला पॅन नंबर बरोबर सांगतो का. यातलं काहीही तपासून उपयोग नाही. आपल्याला असा फोन वर्षातून एखादा येतो, समोरच्याचा तो रोजचा धंदा आहे.

पॅनचंच घ्या. दुकानाच्या कुठल्याही पक्क्या बिलावर पंधरा अक्षरांचा जीएसटी क्रमांक छापलेला असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचा २७, गोव्याचा ३०. त्यापुढची दहा अक्षरं म्हणजे त्या धंद्याचा पॅन, जसाच्या तसा. एकट्या मालकाचं दुकान असेल तर तो मालकाचाच पॅन. हाच क्रमांक जीएसटी पोर्टलवर ‘सर्च टॅक्सपेयर’मध्ये टाकला की नाव, पत्ता, नोंदणीची तारीख आणि कुठलं रिटर्न कधी भरलं हेही दिसतं, लॉगिन न करता. म्हणजे ‘तुमचं मागच्या महिन्याचं थ्री-बी रिटर्न उशिरा भरलंय’ असं सांगणाऱ्या माणसाला तुमची फाइल दिसतेय असं काही नाही. वीस रुपयांच्या चहाच्या बिलावरूनही तो एवढं सांगू शकतो. नोकरदारांच्या पॅनच्या झेरॉक्स किती ठिकाणी पडून असतात, ते तर विचारूच नका.

तेव्हा त्याला एकच प्रश्न विचारा, ‘डीआयएन काय?’, आणि फोन ठेवा. डीआयएन म्हणजे डॉक्युमेंट आयडेंटिफिकेशन नंबर, विभागाच्या कागदाचा ओळख क्रमांक.

१ ऑक्टोबर २०१९ पासून आयकर विभागाच्या नोटीस, आदेश, समन्स, पत्र अशा प्रत्येक कागदावर हा क्रमांक लागतो. अपवादात्मक परिस्थितीत डीआयएनशिवाय कागद काढता येतो, पण त्याचं लेखी कारण त्याच कागदावर द्यावं लागतं. फोनवरच्या धमकीला यातलं काहीच लागू नाही. तपासायचं असं: इन्कमटॅक्स डॉट गव्ह डॉट इन हा पत्ता स्वतःच्या हाताने टाईप करायचा आणि पहिल्याच पानावर क्विक लिंक्समधलं ‘ऑथेंटिकेट नोटीस/ऑर्डर इश्यूड बाय आयटीडी’ उघडायचं. लॉगिन लागत नाही. डीआयएन आणि मोबाइल नंबर टाकला की ओटीपी येतो. डीआयएन नसेल तर पॅन, कागदाचा प्रकार, करनिर्धारण वर्ष आणि तारखेवरूनही शोधता येतं.

इथं दोन चुका होतात. पहिली, पीडीएफमध्येच ‘नोटीस तपासण्यासाठी’ म्हणून दिलेला क्यूआर किंवा लिंक वापरली जाते. ती भामट्याच्याच साइटवर जाते आणि तिथं सगळं अर्थातच खरं निघतं. दुसरी, डीआयएन सापडला एवढंच बघून माणूस सुटकेचा निःश्वास टाकतो किंवा हबकतो. क्रमांक दुसऱ्या कोणाच्या खऱ्या नोटिशीवरून उचललेला असू शकतो, म्हणून कागदाचा प्रकार आणि तारीखही जुळवून बघा.

त्याहून पक्की खात्री लॉगिन करून होते. ‘पेंडिंग ॲक्शन्स’मध्ये ‘ई-प्रोसिडिंग्ज’ आणि ‘रिस्पॉन्स टू आउटस्टँडिंग डिमांड’ हे दोन कप्पे बघा. डिमांड खरी असेल तर रक्कम आणि वर्ष तिथं दिसेल, आणि ती मान्य नसल्याचं उत्तरही तिथूनच देता येतं. भरायला साधारणपणे तीस दिवस असतात. संध्याकाळपर्यंतची मुदत कायद्यात कुठेच नाही.

जीएसटी किंवा कस्टम्सचं नाव सांगितलं असेल तर केंद्रीय विभागाच्या कागदावरचा डीआयएन सीबीआयसीच्या, म्हणजे केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाच्या, साइटवर तपासता येतो. जीएसटी पोर्टलवरून निघालेल्या कागदावर आरएफएन, म्हणजे संदर्भ क्रमांक असतो, तो ‘सर्व्हिसेस’, मग ‘युजर सर्व्हिसेस’मधल्या ‘व्हेरिफाय आरएफएन’मध्ये. अटकेची धमकी दुकानदारांना फार लागते, म्हणून हेही सांगतो: जीएसटी कायद्यातली अटक आयुक्तांच्या लेखी अधिकारपत्राशिवाय होत नाही, आणि तो विषय कोट्यवधींच्या चोरीचा आहे. चाळीस हजारांच्या फरकासाठी तुम्हाला व्हिडिओ कॉलवर बसवून ठेवणारा अधिकारी अस्तित्वात नाही. ‘डिजिटल अरेस्ट’ नावाची गोष्टही आपल्या कायद्यात नाही.

पैसे कुठे मागतात, यावरून तर उलगडा होतोच. आयकर भरण्याचा रस्ता ठरलेला आहे. ‘ई-पे टॅक्स’मध्ये चलन तयार होतं, त्याला सीआरएन क्रमांक मिळतो, तो पंधरा दिवस चालतो आणि पैसे भरले की पावतीवर बँकेचा सात आकडी बीएसआर कोड, पाच आकडी चलन क्रमांक आणि तारीख येते. एखाद्या व्यक्तीचा यूपीआय आयडी, ‘तपासणीपुरतं’ आरबीआयचं सुरक्षित खातं किंवा गिफ्ट कार्डाचा नंबर, यांना या रस्त्यात जागा नाही.

घाबरवण्यापेक्षा आमिषाने जास्त माणसं फसतात, असं माझं मत आहे. ‘तुमचा १५,४९० रुपयांचा परतावा मंजूर, खाते क्रमांक चुकीचा असल्यास लिंकवर दुरुस्त करा’ हा संदेश २०२३ मध्ये इतका फिरला की पीआयबी या केंद्र सरकारच्या माहिती कार्यालयाला तो खोटा असल्याचं जाहीर करावं लागलं. अडनिडा आकडा मुद्दाम असतो. पंधरा हजार म्हटलं की शंका येते, १५,४९० म्हटलं की कोणीतरी हिशोब केलाय असं वाटतं. खरा परतावा पोर्टलवर आधीच व्हॅलिडेट केलेल्या खात्यातच जमा होतो. खातं चुकलं असेल तर दुरुस्ती करून ‘रिफंड रीइश्यू’ची विनंतीही लॉगिन करूनच टाकायची असते. आणि पैसे यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही.

एसएमएस आला असेल तर पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी डॅशनंतर इंग्रजी ‘जी’ आहे का ते बघा. २०२५ पासून सरकारी संदेशांना ही खूण लागते. दहा आकडी मोबाइल नंबरवरून आलेला ‘विभागाचा’ संदेश सरळ खोटा समजा.

व्हॉट्सअ‍ॅपवर एपीके फाइल, म्हणजे उघडली की ॲप इन्स्टॉल करणारी फाइल, आली असेल तर प्रकरण गंभीर. आयकर परताव्याच्या नावाखाली फिरणाऱ्या ‘ड्रिनिक’ या मालवेअरबद्दल सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा यंत्रणेने २०२१ मध्येच इशारा दिला होता. असं ॲप आधी एसएमएस वाचायची परवानगी मागतं, म्हणजे ओटीपी तुमच्याआधी त्यांना दिसतो. चुकून इन्स्टॉल झालंच तर लगेच एअरप्लेन मोड लावा, सिम काढा आणि दुसऱ्याच्या फोनवरून बँकेला कळवा. तो फोन फॅक्टरी रीसेट झाल्याशिवाय बँकिंगला वापरू नका. सिम परत घातल्यावर ##००२# डायल करा, कोणी कॉल फॉरवर्डिंग लावून ठेवलं असेल तर ते निघतं.

आता तक्रार. पैसे गेले नसतील तर दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ पोर्टलवरचं ‘चक्षू’. फोन, एसएमएस की व्हॉट्सअ‍ॅप ते निवडायचं, नंबर, तारीख, वेळ आणि स्क्रीनशॉट द्यायचा. ईमेल असेल तर तो वेबमॅनेजर ॲट इन्कमटॅक्स डॉट गव्ह डॉट इन या पत्त्यावर फॉरवर्ड करा. स्क्रीनशॉट पाठवू नका, मूळ मेलच हवा, कारण तो कुठून आला हे हेडरमध्ये असतं.

पैसे गेले असतील तर चक्षूवर वेळ घालवू नका, तिथून पैसे थांबत नाहीत. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. हाताशी ठेवायचं: आपला खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि प्रत्येक व्यवहाराचा यूटीआर, म्हणजे व्यवहार क्रमांक, यूपीआयला तो बारा आकडी असतो. तीन वेळा पैसे गेले असतील तर तीन यूटीआर. एक राहिला तर त्या रकमेचा माग निघायला उशीर होतो. घाई कशासाठी, तर पैसा भाड्याने घेतलेल्या खात्यांतून पुढे पुढे सरकत असतो. १९३० वरून निरोप गेला की ज्या खात्यात तो त्या घडीला सापडेल तिथं बँक तेवढी रक्कम रोखून धरते. एटीएममधून निघालेली रोख मात्र कोणी रोखू शकत नाही. लाइन लागत नसेल तर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इनवर ‘फायनान्शियल फ्रॉड’खाली तक्रार टाका आणि पोचक्रमांक लिहून ठेवा.

त्याच दमात बँकेलाही कळवा. नंबर गुगलवर शोधू नका, तिथं खोटे कस्टमर केअर नंबर सापडतात. कार्डाच्या मागे छापलेला वापरा. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार ओटीपी तुम्हीच दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणून कळवल्याची वेळ आणि तक्रार क्रमांक लेखी असू द्या. पोलीस ठाण्यात ‘हे आमच्या हद्दीत नाही’ म्हणाले तर झिरो एफआयआर मागा, तो हद्द न बघता नोंदवतात. लोकसेवकाची बतावणी हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २०४ खालचा स्वतंत्र गुन्हा आहे, तोही अर्जात लिहा.

अमेरिकेत मुलं असतील तर त्यांनाही सांगून ठेवा. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या ज्या कॉल सेंटरांवर छापे घातले, तिथून आयआरएस या अमेरिकेच्या कर खात्याच्या नावानेच हे फोन जात होते. तिथंही थकबाकीचं काम सहसा टपालाच्या पत्राने सुरू होतं, आणि तोतया आयआरएसची तक्रार ‘टिग्टा’ या खजिना विभागाच्या तपास यंत्रणेकडे जाते.

तक्रारीनंतर काही दिवसांनी आणखी एक फोन येऊ शकतो. ‘सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे पैसे सापडलेत, सोडवायला पाच हजार प्रोसेसिंग फी.’ रोखलेली रक्कम परत मिळवायला कोर्टाचा आदेश लागू शकतो, फी भरावी लागत नाही. हा नंबरही चक्षूवर टाका.