खडूची पूड नव्हती ती

काळ्या अस्तरावर पांढरं काही सांडलेलं दिसलं तर ब्लाउज शिवणाऱ्या बाईला कुणी जाब विचारत नाही. खडू आमच्या हातात दिवसभर असतोच. माझ्या कोपरांवरून गळणारा कोंडा असाच दोन-अडीच वर्षं खडूच्या नावावर खपून गेला. रात्री मशीन पुसताना मात्र फरक कळायचा. खडूची पूड बोटाला चिकटते. ही फुंकर मारली की उडायची, अभ्रकासारखी चमकत.

वडगावात, मागांच्या खटखटाटात, घराच्या पुढच्या खोलीत माझं दुकान आहे. शहापूरला साडी घेतली की बायका पिशवी तशीच घेऊन माझ्याकडं येतात. (आमच्या बेळगावात बायकाही 'मी जातो, मी शिवतो' असंच बोलतात. लिहिताना तेवढं बदलून घेतलंय.) तर त्या वर्षी ऐन लग्नसराईत एका नव्या गिऱ्हाइकाच्या दंडाचं माप घेताना माझी बाही वर सरकली. तिनं हात झटकन मागं घेतला.

"अक्का, नायटा हाय काय ओ हे? लागतंय न्हवं?"

"नाही हो, कोरडेपणा आहे."

"तरी पण... माप जुन्या ब्लाउजावरनंच घ्या की."

घेतलं. बाही अर्धा इंच घट्ट झाली, उसवून परत द्यावी लागली. तिचं चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही, कारण मी स्वतःच त्याला नायटा समजत होते. औषधाच्या दुकानात कोपर दाखवलं होतं, त्यांनी एक ट्यूब दिली होती. खाज चार दिवसांत थांबली, लाली उतरली, आठवड्यात कोपर बरंच साफ. थांबवलं की पंधरा दिवसांत पुन्हा हजर, पहिल्यापेक्षा रुंद. मग पुन्हा ट्यूब. असं दीड वर्ष चाललं. चिठ्ठी कधी कुणी मागितली नाही, आणि खोक्यावरची उभी लाल रेघ, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही ही खूण, मला छपाईची नक्षी वाटायची.

भाची बेळगावातच फार्मसीला आहे. दिवाळीला आली तेव्हा तिनं ती ट्यूब उलटून बारीक अक्षरं वाचली. "मावशी, यात बुरशीचं औषध, अँटिबायोटिक आणि जबरदस्त स्टेरॉइड, तिन्ही एकत्र आहे. हे तू दीड वर्ष लावतोस?" मग माझ्या कोपराच्या आतल्या बाजूची कातडी तिनं चिमटीत धरून पाहिली. तिथं लालसर-जांभळ्या रेघा उठल्या होत्या आणि कातडी व्हॉइलच्या कापडासारखी पातळ झाली होती. स्टेरॉइड भलत्या जागी फार दिवस लावलं की हेच होतं, आणि त्या रेघा पूर्ण जात नाहीत. माझ्या अजून आहेत. तिनंच सांगितलं की २०१८ साली केंद्र सरकारनं चौदा स्टेरॉइडांच्या मलमांना डॉक्टरांच्या चिठ्ठीची अट घातली आहे. अट कागदावर आहे, आमच्या गल्लीपर्यंत पोचलेली नाही.

तरीही डॉक्टरांकडं जायला मला पुढचा जून उजाडला. लग्नसराई सोडून कोण जातंय?

कातडीच्या डॉक्टर मूळच्या धारवाडकडच्या. मराठी चांगलं कळतं, पण बोलता बोलता कन्नडवर जातात. त्यांनी काचेच्या पट्टीच्या कडेनं गुडघ्यावरची खपली हळूच खरवडली. आधी मेणासारखे पांढरे पापुद्रे निघाले, मग एक पातळ पडदा, आणि त्याखाली टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे ठिपके वर आले. त्या मान हलवत म्हणाल्या, "सोरायसिस." तरीसुद्धा थोडा कोंडा काचेवर घेऊन, त्यावर पोटॅशचा थेंब टाकून त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. दीड वर्षाच्या मिक्स ट्यूबनं बुरशी असली तरी ती झाकली जाते, म्हणून. बुरशी नव्हती.

मग नखं पाहिली. माझ्या दोन नखांवर बारीक बारीक खड्डे होते, ते मी सुईचे समजत होते. मी पर्समधून अंगुस्तान (सुई टोचू नये म्हणून बोटात घालायची खड्ड्याखड्ड्यांची टोपी) काढून नखाशेजारी धरलं तर नक्षी तीच! डॉक्टर हसल्या. इंग्रजी पुस्तकातही या नखांना अंगुस्तानाचीच उपमा आहे म्हणे. हसून झाल्यावर मात्र त्यांनी विचारलं, सकाळी उठल्यावर बोटं आखडतात काय, अर्धा तास तरी? टाच दुखते काय? कारण हा आजार काही जणांच्या सांध्यांत उतरतो आणि नखांवर दिसला की जास्त लक्ष ठेवावं लागतं. रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत का, तेही विचारलं, काही गोळ्यांनी हा भडकतो. माझं तसलं काही नव्हतं.

आता त्यांनी समजावलेलं मी माझ्या धंद्यातल्या भाषेत सांगते, कारण मला ते तसंच समजलं. कातडीच्या तळाला नवी पेशी तयार होते, ती पक्की होत होत वर येते आणि शेवटी गळून जाते. याला साधारण महिना लागतो. सोरायसिसमध्ये हेच काम चार-पाच दिवसांत उरकतं. म्हणजे दिवाळीच्या आदल्या आठवड्यातलं आमचं काम: हूक नाही, तुरपाई नाही, दोरे लोंबताहेत, तरी कपडा बाहेर. ते कच्चे कपडे एकावर एक साचतात, तीच जाड पांढरी खपली. आणि ही घाई करायला लावतं कोण? आपल्याच रक्तातल्या पहारेकरी पेशी. शत्रू नसताना त्या कातडीत गोळा होतात आणि एकमेकींना निरोप धाडत राहतात. खाली रक्तवाहिन्या फुगतात, म्हणून लाली, म्हणून ते रक्ताचे ठिपके. यात जंतू कुठंच नाही. त्यामुळं हा कुणाला लागत नाही. टेपमधून नाही, कपड्यातून नाही, एका ताटात जेवून नाही. "आणि बरा?" मी विचारलं. "जाणार नाही. झोपवायचा."

चिठ्ठीवर एकच मलम होतं, त्यात दोन औषधं: कॅल्सिपोट्रिऑल आणि बीटामेथासोन. बीटामेथासोन हे स्टेरॉइड, ते पहारेकऱ्यांचा दंगा शांत करतं. कॅल्सिपोट्रिऑल ड जीवनसत्त्वाच्या जातीचं. ते पेशीला सावकाश वाढायला, पक्कं व्हायला लावतं, म्हणजे तुरपाई पुरी केल्याशिवाय कपडा सोडायचा नाही. दोन्ही एकत्र असली की एकेकट्यापेक्षा चांगलं काम होतं आणि ड जीवनसत्त्वाच्या औषधानं होणारी जळजळही स्टेरॉइडमुळं कमी राहते. "पण स्टेरॉइडनंच तर माझी कातडी गेली," मी म्हटलं. त्यावर त्या म्हणाल्या, कात्री वाईट नसते. कुठं, किती आणि किती दिवस चालवायची हे ठरलेलं पाहिजे. कात्री माझी, आणि मलाच ऐकवली!

किती लावायचं ते त्यांनी ट्यूब उघडून दाखवलं. तर्जनीच्या शेवटच्या पेरावर, रेघेपासून टोकापर्यंत, एक सलग पट्टी. ते अर्धा ग्रॅम होतं आणि दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरतं. मग माझाच तळवा, बोटांसकट, माझ्याच डागांवर ठेवून मोजलं. कोपरं, गुडघे, कमरेवरचा चट्टा मिळून चार तळवे. एक तळवा म्हणजे अंगाचा साधारण एक टक्का. म्हणून रोज दोन पट्ट्या, एक ग्रॅम, आणि ३० ग्रॅमची ट्यूब महिनाभर. माप घेणाऱ्या बाईला हे फार आवडलं. आजवर मी काजळ लावल्यासारखं लावत होते आणि कधी चिडून लोण्यासारखं.

"दिनक्कोम्मे हच्चरी," दिवसातून एकदाच लावा. रात्री, फक्त डागावर, चार आठवडे. चेहऱ्यावर नाही, काखेत-जांघेत नाही. लावून झालं की हात धुवायचे. दिवसभर साधं व्हॅसलीन किंवा खोबरेल. आणि आंघोळीत मी वजरीनं खपल्या घासून काढते म्हटल्यावर त्या जवळजवळ ओरडल्याच, "तिक्कब्याडरी!" घासू नका! घासाल, खरवडाल तिथं नवा डाग उठतो. घरात पडून असलेलं खपल्या मऊ करायचं सॅलिसिलिक ॲसिडचं मलमही बंद, कारण त्या ॲसिडनं कॅल्सिपोट्रिऑल निकामी होतं. दोन्ही एका जागी लावली तर नव्या मलमाचे पैसे पाण्यात. आणि पैसे काही थोडे नव्हते, अस्तरवाल्या तीन-चार ब्लाउजांची शिलाई एका ट्यूबमध्ये गेली.

घरी सासूबाईंनी स्वतःचं पथ्य काढलं होतं: वांगं बंद, आंबट बंद, कुंदा चालेल कारण तो दुधाचा. डॉक्टरांनी बरोबर उलट केलं. वांग्याशी काही भांडण नाही, वजन मात्र कमी करा, कुंदा आवरा.

पहिला आठवडा काहीच नाही. थोडी चुणचुण. जुन्या ट्यूबची चार दिवसांची जादू अंगवळणी पडलेली, त्यामुळं मला हे मलम ढिलं वाटलं. दहाव्या-अकराव्या दिवशी मशीन पुसताना लक्षात आलं की फुंकर मारायला काही नाही. आधी कोंडा थांबला होता. तिसऱ्या आठवड्यात जाडी गेली. डोळे मिटून बोट फिरवलं तर डागाची कड लागेना, इस्त्री केलेल्या चुणीवरून बोट जावं तसं. लाली सर्वांत शेवटी उतरली, आणि तिच्या जागी काळसर ठसे राहिले. मी ते मलमानं पुसायला निघाले होते, भाचीनं अडवलं. ठसे म्हणजे आजार नाही, ते आपले आपण काही महिन्यांत फिके होतात. चार आठवड्यांनी गुडघे आणि कंबर सपाट, डावं कोपर सपाट, उजव्या कोपरावर रुपयाएवढं शिल्लक. उजवं कोपर कापड कापताना टेबलावर घासतं, ते हट्ट करणारच.

डॉक्टरांनी पुन्हा दाखवायला बोलावलं होतं. मी गेले नाही. बाहेर पाऊस लागला होता, डाग गेले होते, आणि गणपतीच्या ऑर्डरी सुरू झाल्या होत्या.

दिवाळीच्या गर्दीत इस्त्रीचा चटका बसला, डाव्या मनगटाच्या वर, दोन इंचांची रेघ. फोड आला, गेला. साधारण तीन आठवड्यांनी त्याच रेघेवर, पट्टीनं आखल्यासारखा, पांढरा सोरायसिस उठला. तोवर थंडी पडली होती. बेळगावच्या थंडीत चांगली कातडीही फुटते, तिथं माझी काय कथा. पंधरा दिवसांत कोपरंही भरली. घाबरून मी उरलेली ट्यूब दिवसातून दोनदा फासायला लागले. पटकन जावं म्हणून.

भाचीनं खोक्यातला कागद पुढ्यात टाकला. रोज एकदाच, अंगाच्या ३० टक्क्यांहून जास्त जागेवर नाही, आठवड्याला १०० ग्रॅमच्या वर नाही, कारण फार झालं तर रक्तात कॅल्शियम वाढतं. माझ्या एक-दोन ग्रॅमनं कॅल्शियमला काही होणार नव्हतं, पण दोनदा लावून लवकर गुणही येणार नव्हता. याच औषधाच्या जातकुळीची एक गोष्ट तिनं तेव्हाच सांगितली. जपानमध्ये हाडं ठिसूळ झालेल्या एका रुग्णाला ड जीवनसत्त्वाचं औषध पोटातून देत होते, तर हाडांबरोबर त्याचा जुना सोरायसिसही ओसरला. १९८५ साली ते छापून आलं आणि तिथून लोक या वाटेला लागले. हाडाच्या औषधानं कातडी सुधारली, हे मला अजूनही मजेशीर वाटतं.

डॉक्टर रागावल्या नाहीत. त्यांना सवय असावी. पुन्हा चार आठवडे रोज, आणि त्यानंतर बंद न करता शनिवार-रविवार रात्री, जुन्या जागांवर. बाकी पाच दिवस नुसतं व्हॅसलीन. दर तीन महिन्यांनी कातडी पातळ होत नाही ना, हे दाखवायला जायचं. मी भाचीच्या सांगण्यावरून स्टेरॉइड नसलेल्या नव्या क्रीमांचं विचारलं. अमेरिकेत २०२२ मध्ये दोन मंजूर झाली आहेत, टॅपिनारॉफ आणि रोफ्लुमिलास्ट. त्या म्हणाल्या, आहे यावर तुमचं आटोक्यात येतंय, मग घाई कसली. आणि डाग अंगाच्या दहा टक्क्यांवर गेले तर नुसत्या मलमाची गोष्टच राहणार नाही, तेव्हा गोळ्या, प्रकाशाचे उपचार, इंजेक्शनं बघू.

आता ट्यूब मशीनच्या खणात बॉबिनांशेजारी असते आणि शनिवारी दुकानाचं दार लावलं की हात आपोआप तिकडं जातो. उजव्या कोपरावरचा रुपया आठ आण्यांवर आलाय, पुढं सरकत नाही.

गेल्या महिन्यात आमच्या शेजारीण आल्या. पोराच्या कमरेला गोल चट्टा उठलाय, कडेला पुरळ, मधे साफ, खाज फार.

"तुमचं ते मलम द्या की जरा. तुमचं कसं साफ झालं बघा."

मी नको म्हटलं. तो नायटा दिसतोय, माझ्या मलमात स्टेरॉइड आहे, चार दिवस दबेल आणि मग पोटापर्यंत पसरेल, डॉक्टरांना दाखवा. सगळं सांगितलं. पत्ताही लिहून दिला.

"एवढ्याशा मलमाला एवढं काय की," म्हणून त्या गेल्या. मुलीच्या बारशाचं झबलं माझ्याकडं टाकणार होत्या, ते पलीकडच्या गल्लीत टाकलं असं कळलं.