भरलेली केसिंग

आमच्या शॉपमधून रॉकेटच्या घन इंधनाची केसिंग, म्हणजे इंधन भरायचं बाहेरचं कवच, बाहेर पडते तेव्हा ती रिकामी असते. मॅरेजिंग स्टील या अतिशय मजबूत पोलादाचं ३.२ मीटर व्यासाचं नळकांडं. वेल्डिंग, मग पोलादाला ताकद यावी म्हणून ४८० अंशांच्या आसपास तापवून ठेवणं, म्हणजे एजिंग, पाण्याच्या दाबाची चाचणी, आणि मग ट्रेलरवर. पुढे तिचं काय होतं ते आम्ही इंदापूर तालुक्यातली माणसं फोटोतच पाहत आलो. क्वालिटीच्या कामासाठी श्रीहरिकोट्याला जायचं ठरलं तेव्हा मला उड्डाणापेक्षा भरलेली केसिंग बघायची ओढ होती.

सुल्लुरुपेटा सोडलं की रस्ता थेट पुलिकत सरोवरातून जातो. पाण्यात रोहित पक्षी उभे होते, हिवाळ्यात उजनीच्या पाण्यावर भिगवणला दिसतात तसेच. बेटावर शिरताना मोबाईल जमा झाला.

इंधनाच्या विभागात इमारती एकमेकींपासून दूर आणि मध्ये मातीचे उंच बांध. सुती कपडे, वेगळे बूट, आत पाऊल टाकण्याआधी धातूच्या पट्टीला हात लावून अंगातली स्थिर वीज जमिनीत सोडायची. मिक्सर फिरत असतो तेव्हा त्याच्याजवळ कुणीही नसतं, तो दुरून चालवतात. अमोनियम परक्लोरेट, ॲल्युमिनियमची पूड आणि त्यांना धरून ठेवणारं एचटीपीबी यांचा दाट लगदा केसिंगमध्ये ओततात. मधोमध साचा असतो. ऊब देऊन लगदा घट्ट झाला की साचा ओढून काढतात आणि पोकळी राहते. आग त्या पोकळीतून बाहेरच्या बाजूला सरकत जाते आणि एकदा पेटली की विझवायची सोय नाही. म्हणूनच प्रत्येक भागाचा एक्स-रे काढतात. आत बारीकशी भेग असली तरी जळणारा पृष्ठभाग वाढतो, दाब चढतो, आणि तो दाब शेवटी आमच्या स्टीलवर येतो. वर्षानुवर्षं वेल्डच्या एक्स-रे फिल्मा बघणाऱ्या मला हे ऐकताना अंगावर काटा आला.

दुपारी जोडणीच्या इमारतीत गेलो. आमच्या केसिंग ज्यात जातात त्या एस-२०० या घन इंधनाच्या बूस्टरचे तीन भाग असतात. नोझलचा भाग खाली उभा होता आणि मधला क्रेनला लटकत होता. त्या एकट्यात ९७ टनांच्या आसपास इंधन! तो इतका हळू उतरत होता की हलतोय हे कळायला मागच्या खांबाकडे बघावं लागे. बोलत फक्त एकच जण होते, तिथले ज्येष्ठ तंत्रज्ञ. बाकी सगळे हाताच्या खुणांवर.

२८ जानेवारी १९८६ ला चॅलेंजर हे अमेरिकेचं अवकाशयान गेलं ते त्याच्या बूस्टरच्या दोन भागांमधल्या अशाच सांध्यातून. थंडीत ओ-रिंग, म्हणजे सांधा बंद ठेवणारं रबरी कडं, ताठरली, तापलेला वायू बाहेर पडला, सात माणसं गेली. आमच्याकडे सांध्याची गोलाई मोजताना ही गोष्ट नव्या पोरांना सांगतोच. पातळ नळकांडं आडवं ठेवलं तर स्वतःच्या वजनानेच अंडाकृती व्हायला बघतं, म्हणून त्याला आधाराच्या रिंगा लावून पाठवतो. त्या रिंगांवरून पोरं कुरकुरतात. त्यांना इथे आणून उभं करायला हवं होतं.

एका भागाच्या कडेची जीभ दुसऱ्याच्या खाचेत बसली. सांध्याभोवती पिना एकेक करून घातल्या, एकही ठोकावी लागली नाही. तंत्रज्ञांनी मला जवळ बोलावून तेलुगू वळणाच्या हिंदीत विचारलं, "सर, आपका रिपोर्ट लाए हैं ना?" आमचं डिस्पॅचच्या वेळचं मोजमाप आणि त्यांचं आत्ताचं, दोन्ही कागद आम्ही शेजारी शेजारी धरून ओळ न् ओळ ताडून पाहिले. सगळे आकडे मर्यादेत बसले. त्यांनी सही केली, मग मी केली, आणि क्रेन वरचा भाग आणायला वळली.