घुबडासाठी थांबा उभारताना

गोराईतल्या आमच्या वाडीत रताळी काढायला बसलो की निम्मी कुरतडलेली निघत. बांध बिळांनी पोखरलेला. हरभऱ्यावरची घाटेअळी पक्ष्यांनी बसून टिपावी म्हणून शेतात पक्षीथांबे लावतात, ते मी पाहिले होते. उंदरांसाठी तसाच, पण उंच आणि भक्कम थांबा करायचं ठरवलं. घुबड, पिंगळा, कापशी घार उंचावर बसून सावज हेरतात, आणि आमची झाडं सगळी कुंपणालगत. वाफ्यांमध्ये बसायला जागाच नव्हती.

वाऱ्याने पडलेलं सुरूचं झाड वाडीतच होतं. त्यातला १५ फुटी ओंडका घेतला. वाळवी लागू नये म्हणून बुडाची साल काढून तो भाग विस्तवावर काळा होईस्तोवर भाजला, वर डांबर फासलं. आडवी फांदी मात्र सालीसकट ठेवली. मनगटाएवढी जाड, खडबडीत, म्हणजे पंजाची पकड बसते. ती बोल्टने आवळली. विजेच्या तारांपासून लांब जागा पाहून पहारीने ३ फूट खड्डा खणला, ओंडका उभा करून दगड-मुरूम ठासला. भोवतालचं गवत कापलं आणि सुक्या झावळ्यांचा ढीग हलवला. उंदरांना तिथेच आसरा होता.

खरी मेहनत पुढे होती. आजूबाजूच्या वाड्यांत ब्रोमॅडिओलोनच्या वड्या ठेवल्या जात. या विषाने रक्त गोठत नाही, पण उंदीर लगेच मरत नाही. काही दिवस सुस्तावून उघड्यावर फिरतो. असा उंदीर घुबडाने खाल्ला की विष त्याच्याही अंगात जातं. म्हणजे विष चालू ठेवून थांबा उभारणं हा पक्ष्यांचा घातच. मी घरोघर जाऊन हे सांगितलं, वड्यांच्या बदल्यात पिंजरे दिले. शेजारच्या काकूंना घुबड दारात नकोच होतं. "अगं, लक्ष्मीचं वाहन ना ते?" असं त्यांच्या सासूबाईच म्हणाल्या, तेव्हा कुठे त्या तयार झाल्या.

सुरुवातीला कोतवाल आणि खंड्याच बसायचे. मग तिन्हीसांजेला पिंगळ्यांची जोडी येऊ लागली. एका सकाळी थांब्याखाली पांढरे ओघळ आणि अंगठ्याएवढी काळपट, चकचकीत गोळी दिसली. पाण्यात भिजवून काडीने उकलली तर केसांच्या गुंत्यात उंदराची अख्खी कवटी, पिवळे-नारिंगी पटाशीचे दात तसेच. गव्हाणी घुबड उंदीर बहुधा सबंध गिळतं आणि न पचलेलं असं ओकून टाकतं. मला इतका आनंद झाला की ती कवटी सगळ्या शेजाऱ्यांना दाखवून आले.

बांधावरची ताजी उकरलेली माती आता कमी दिसते, रताळीही बरीच धड निघतात. घुशींना मात्र हा उपाय लागू पडत नाही. पूर्ण वाढलेली घूस वजनाने गव्हाणी घुबडापेक्षाही भारी असते. तिच्यासाठी कुंपणाशी मोठा पिंजरा लावते, आत सुक्या खोबऱ्याचा तुकडा.