रेषेवरची फुली

स्मरणिकेसाठी मनोगत लिहायला बसलो आणि डोळ्यांसमोर आला तो अकरावीच्या वर्गातला फळा. तर्कशास्त्राच्या सरांनी त्यावर तीन ओळी लिहिल्या होत्या: सर्व कवी संवेदनशील असतात, काही शिक्षक संवेदनशील असतात, म्हणून काही शिक्षक कवी असतात. हा युक्तिवाद वैध आहे का, म्हणजे पहिली दोन विधाने खरी मानली तर तिसरे त्यांतून निघतेच का, असे त्यांनी विचारले तेव्हा जवळजवळ सगळ्या वर्गाने होकारार्थी हात वर केले. मीही केला, कारण कविता लिहिणारे शिक्षक आम्हाला ठाऊक होते आणि निष्कर्ष खरा आहे याबद्दल कोणाच्याही मनात शंका नव्हती.

सरांनी आमचे उत्तर चूक ठरवले नाही. त्यांनी कवी, शिक्षक आणि संवेदनशील हे शब्द तेवढे डस्टरने पुसले आणि रिकाम्या जागांत नवे लिहिले: सर्व मांजरे प्राणी असतात, काही कुत्रे प्राणी असतात, म्हणून काही कुत्रे मांजरे असतात. सांगाडा तोच, पण आता एकही हात वर राहिला नाही.

मग त्यांनी एकमेकांना छेदणारी तीन वर्तुळे काढली. कवींच्या वर्तुळाचा जो भाग संवेदनशीलांच्या बाहेर पडत होता तो रेघा मारून बाद केला. पुढे शिक्षक आणि संवेदनशील यांच्या सामाईक भागात, तिथे कोणीतरी आहे हे दाखवणारी फुली मारायला खडू टेकवला, तर त्या भागातूनच कवींच्या वर्तुळाची रेषा गेलेली. फुली तिच्या आत की बाहेर, हे दिलेल्या दोन विधानांतून कळत नव्हते, म्हणून सरांनी ती बरोबर रेषेवर मारली. जॉन वेन यांनी १८८० मध्ये मांडलेली ही आकृत्यांची पद्धत मी पुढे पुष्कळ वापरली. पण तिचे मर्म मला त्या एका फुलीने समजले. ‘निश्चित निष्कर्ष निघत नाही’ हेही पूर्ण आणि सन्मानाचे उत्तर असते, हे मला तोवर कोणी सांगितले नव्हते.

उलट बाजूही त्यांनी दाखवली. सर्व पक्षी उडतात, पेंग्विन पक्षी आहे, म्हणून पेंग्विन उडतो: येथे निष्कर्ष खोटा असूनही युक्तिवाद वैध आहे, कारण दोष पहिल्या विधानात आहे, जोडणीत नाही. चार प्रकारची विधाने आणि मध्यपदाच्या (पहिल्या दोन्ही विधानांत येणाऱ्या सामाईक पदाच्या) चार रचना यांतून संवाक्याचे, म्हणजे दोन विधानांवरून तिसरे काढणाऱ्या अशा युक्तिवादाचे, २५६ आकार होतात आणि परंपरेने त्यांतले केवळ २४ वैध मानले आहेत, हे ऐकून आम्ही थक्क झालो होतो.

आज मी रोगनिदानाच्या प्रयोगशाळेत काम करतो. अमुक आजार असला की अमुक चाचणी सकारात्मक येतेच, असे गृहीत धरले, तर चाचणी नकारात्मक आल्यावर तो आजार नाही असे म्हणता येते; पण ती सकारात्मक आली म्हणून आजार आहेच, असे म्हणता येत नाही, कारण तीच खूण दुसऱ्या कारणानेही उमटू शकते. उमेदवारीच्या काळात एका अहवालावर मी ही उडी घेतली होती आणि तो बाहेर जाण्यापूर्वी माझ्या वरिष्ठांनी ती पकडली. त्या संध्याकाळी मी कोऱ्या कागदावर वर्तुळे काढली आणि फुली रेषेवर मारली.