इथे आय किती?

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा, असं शाळेचं पत्र आलं आणि मला आधी आठवल्या त्या संगणकाच्या बाई. स्नेहसंमेलन, सहली, मैदान यांवर बाकीचे मित्र लिहितीलच. मी बाईंबद्दलच लिहिणार. आज माझं पोट ज्या कामावर चालतं, ते त्यांनी शिकवलं.

बाईंचा नियम कडक होता. प्रोग्राम चुकला की कीबोर्डला हात लावायचा नाही. वही उघडायची आणि उभे रकाने आखायचे. पहिला ओळ क्रमांकाचा, मग प्रत्येक चलाला, म्हणजे किंमत साठवणाऱ्या नावाला, एकेक, शेवटचा पडद्यावर काय उमटलं त्याचा. मग एकेक ओळ वाचत जायचं आणि चलाची किंमत बदलली की ती जुन्या किमतीच्या खाली लिहायची. खोडरबराला बंदी होती, कारण जुनी किंमत पुसली की चूक कुठे शिरली हे कळायचा मार्गच बंद होतो.

एक तास मला लख्ख आठवतो. पाच विषयांच्या गुणांची सरासरी काढायची होती: ६०, ७०, ८०, ५०, ४०. बेरीज ३००, म्हणजे सरासरी ६०. मागच्या बाकावरच्या एका मुलीचा प्रोग्राम मात्र ५० दाखवत होता. आम्ही सगळे बेरजेच्या ओळीवर, म्हणजे ४० क्रमांकाच्या ओळीवर तुटून पडलो. बाईंनी तिला फक्त 'ट्रॉन' टाइप करून प्रोग्राम पुन्हा चालवायला सांगितला. जीडब्ल्यू-बेसिक या प्रोग्रामिंगच्या भाषेत ही आज्ञा दिली की 'ट्रॉफ' देईपर्यंत चाललेल्या प्रत्येक ओळीचा क्रमांक चौकटी कंसात उमटत जातो. पडद्यावर [१०][२०][३०][४०][५०] आलं, मग [३०][४०][५०], पुन्हा [३०][४०][५०], असं करत शेवटी [६०]. 'फॉर' आणि 'नेक्स्ट' या आज्ञांमधल्या ओळी पुन्हा पुन्हा चालतात, तरी फॉरची ओळ २० एकदाच आली याचं आम्हाला केवढं नवल! नेक्स्ट परत फॉरवर जात नाही, फॉरच्या पुढच्या वाक्यावर जातं, हे तेव्हा कळलं. ओळ ४० बरोबर पाचदा आली होती, म्हणजे बेरजेत खोट नव्हती.

"आता तक्ता भर," बाई म्हणाल्या. फेऱ्या मोजणाऱ्या 'आय' या चलाच्या रकान्यात १, २, ३, ४, ५ उतरले. शेवटच्या नेक्स्टवर बाईंनी बोट ठेवलं. "इथे आय किती?"

"पाच!" सगळा वर्ग ओरडला.

"पाच असता तर यंत्र अजून फिरलं असतं. ते बाहेर पडलं कसं?"

थोड्या वेळाने ती मुलगीच हळूच म्हणाली, "सहा." नेक्स्ट आधी एक मिळवतं आणि मग मर्यादा ओलांडली का ते बघतं. ओळ ६० मध्ये तिने बेरजेला आयने भागलं होतं. ३०० भागिले ६, म्हणून ५०. उत्तर बाईंना पहिल्या नजरेतच दिसलं असणार, पण त्यांनी ते तिच्या तोंडून येऊ दिलं. एवढा धीर असलेला शिक्षक मला पुढे कुठे भेटला नाही.

आज मी मोठ्या प्रोग्रामांमधल्या चुका शोधतो आणि नव्या मुलांना हे काम शिकवतो. पायथन भाषेच्या पीडीबी या चुका शोधायच्या साधनात 'एन' दिलं की पुढची ओळ, 'एस' दिलं की फंक्शनच्या आत. साधन बदललं, पण मुलं अडतात ती तिथेच. पडद्यावर बाण ज्या ओळीसमोर असतो ती अजून चाललेली नसते, पुढे चालणार असते, आणि ही मुलं ती चालली असं धरून चलाची किंमत वाचतात. मग मी रकाने आखायला लावतो.

वाईट वाटतं ते एका गोष्टीचं. हल्ली चूक झाल्याचा संदेश आला की तो उचलून कुठेतरी विचारायचा आणि मिळालेलं उत्तर जसंच्या तसं चिकटवायचं. प्रोग्राम चालतोही, पण कुठल्या ओळीने काय केलं हे लिहिणाऱ्यालाच ठाऊक नसतं.

बाई आता निवृत्त झाल्या आहेत आणि संगणक कक्षही नवा झाला आहे. शाळेला एकच विनंती: आठवीच्या वेळापत्रकात आठवड्याचा एक तास यंत्र बंद ठेवून, फक्त वहीतल्या तक्त्यासाठी राखावा. शिकवायला कोणी नसेल तर मी येईन.