एकाच बाजूची नाकपुडी बंद असेल तर

आमच्या फोंड्याच्या मामांची उजवी नाकपुडी पावसाळ्यापासून चोंदलेली, घरात सगळे म्हणायचे ॲलर्जी असेल, भिंतींना बुरशी आलीय ना, पण ॲलर्जीत सहसा दोन्ही बाजू चोंदतात, इथे एकच, आणि शिंकरलं की रुमालावर रक्ताचा तांबडा धागा. गोव्यात सगळं दमट हवेवर ढकलतात त्याचा मला खरंच राग येतो. असं आठवडेच्या आठवडे चाललं तर प्लीज ईएनटीकडे जा.

सीटी स्कॅनमध्ये गालामागच्या सायनसमध्ये गाठ आणि शेजारचं हाड झिजलेलं, मग काय, मामी देवासमोरून उठेचनात. म्हटलं, "मामी, बायोप्सी तरी येऊ दे गो आधी."

रिपोर्ट आला, इन्फ्लमेटरी स्यूडोट्यूमर. कॅन्सर नाही! सूज येऊन जमलेल्या लिम्फोसाइट, प्लाझ्मा सेल (शरीराच्या संरक्षक पेशी) आणि तंतूंची गाठ, नाकात फारच क्वचित होते, पण कॅन्सरसारखीच हाड खाते म्हणून नुसत्या स्कॅनवर निदान होत नाही, तुकडा तपासावाच लागतो. बुरशी नाही ना हेही बघतात, कारण यात स्टिरॉइड देतात आणि बुरशी असेल तर ती त्याने फोफावते.

मामांची गाठ दुर्बिणीतून काढली, आता स्टिरॉइडच्या गोळ्या हळूहळू कमी करतायत. ती परत येऊ शकते, म्हणून तपासणीची पुढची तारीख मामींनी कालनिर्णयवर लाल पेनने लिहून ठेवलीय.